'माहीत नाही' म्हणजे 'नाही' नव्हे : आत्महत्येवरच्या संशोधनात मुलाखती घेताना या चुका टाळा

दरवर्षी पावसाळा लागला की फोन सुरू होतात. एमडी सायकिअ‍ॅट्रीची मुलं, एमफिलवाली, समाजकार्याची, कधी नर्सिंगची. "मॅडम, आत्महत्येवर थीसिस घेतलाय. सायकॉलॉजिकल ऑटोप्सीची प्रश्नावली मिळेल का?" मी लगेच पाठवते. प्रश्नावली कुणालाही मिळायलाच हवी. पण पुढच्या मार्च-एप्रिलात हीच मुलं भरलेले फॉर्म घेऊन येतात, मी पानं उलटायला लागते आणि पोटात गोळा येतो. तालुके वेगळे, घरं वेगळी, चुका मात्र त्याच. काही चुका अशा, की सगळी मेहनत पाण्यात जाते. ती मेहनत फक्त विद्यार्थ्याची नसते. नवरा गेल्यानंतर चौथ्या महिन्यात जी बाई दोन तास समोर बसून सगळं सांगते, तिचीही असते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

नवख्यांसाठी आधी थोडंसं. सायकॉलॉजिकल ऑटोप्सी म्हणजे गेलेल्या माणसाच्या मनाची शेवटच्या काळातली अवस्था त्याच्या जवळच्यांना विचारून समजून घेणं. ज्याच्याबद्दल जाणून घ्यायचं तो माणूसच गेलेला असतो. मग त्याच्या बायकोला, आईला, भावाला, मित्राला विचारायचं: झोप कशी होती, जेवण कसं होतं, दारू किती, देणं किती, शेवटच्या महिन्या-दोन महिन्यांत काय बदललं. या सांगणाऱ्यांना आम्ही इन्फॉर्मंट म्हणतो. लॉस एंजेलिसमध्ये 1958 मध्ये आत्महत्या प्रतिबंध केंद्र सुरू झालं, त्या काळात ही पद्धत आकाराला आली. तिथले कॉरोनर (मृत्यूचं कारण ठरवणारे अधिकारी) थिओडोर कर्फी यांच्यापुढे असे मृत्यू येत, की अपघात म्हणावा की आत्महत्या तेच ठरेना. त्यांनी या केंद्रातल्या एडविन श्नाइडमन, नॉर्मन फार्बरो आणि रॉबर्ट लिटमन यांची मदत घेतली आणि ही मंडळी नातेवाइकांशी जाऊन बोलू लागली. त्याच दशकात सेंट लुईसमध्ये इलाय रॉबिन्स यांच्या गटाने 134 आत्महत्यांचा असाच अभ्यास केला. तो 1959 मध्ये छापून आला. तेव्हापासून या पद्धतीची सगळी भिस्त एकाच गोष्टीवर आहे. सांगणाऱ्याला नेमकं काय माहीत आहे, ते त्याला कसं माहीत झालं, आणि त्यातलं किती तो तुमच्यापुढे बोलू शकतो. माझ्यापुढे येणाऱ्या दहापैकी आठ फॉर्मांत यातलं काहीच लिहिलेलं नसतं. फक्त 'हो' आणि 'नाही'च्या टिका असतात.

'माहीत नाही'चं 'नाही' करून टाकणं

माझ्या मते ही सगळ्यांत मोठी चूक. दिसत नाही म्हणून जास्तच मोठी.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी टॅबलेटवर भरलेला डेटा घेऊन आला. हुशार, कष्टाळू मुलगा, सगळ्या मुलाखती स्वतः फिरून घेतलेल्या. पुण्यात कंपनीत कामाला असलेल्या एका तरुणाची केस होती. माहिती देणारे त्याचे वडील, यवतमाळकडच्या एका खेड्यातले. फॉर्मवर एकाखाली एक: झोपेची तक्रार नाही, भूक कमी होणं नाही, कामात मन न लागणं नाही, मरणाची भाषा नाही. शेवटी निष्कर्ष: मानसिक आजाराची लक्षणं आढळली नाहीत. मला ते फार स्वच्छ वाटलं. रेकॉर्डिंग वडिलांच्या संमतीने केलेलं होतं. म्हटलं, लाव.

"काका, त्याची झोप कशी होती?"

मग बराच वेळ काही नाही. मागे कोंबडी ओरडते, कुणीतरी बादली ठेवतं. मग वडिलांचा आवाज: "आता तो तिकडं, मी इकडं. काय माहीत बा."

"म्हणजे झोपेचा काही त्रास नव्हता?"

"नसंल."

आणि टिक: नाही.

पुढच्या अकरा प्रश्नांचं असंच. वडील एकाही ठिकाणी खोटं बोलले नव्हते. मुलगा वर्षातून दोनदा घरी यायचा, दिवाळीला आणि उन्हाळ्यात चार दिवस. त्याची झोप वडिलांना कळणार कशी? मी विद्यार्थ्याला त्या मुलाच्या रूमवरच्या मित्राला शोधायला सांगितलं. वडिलांकडेच नंबर होता. मित्र म्हणाला, तीन-चार महिने तो पहाटेपर्यंत दिवा लावून बसायचा, शेवटी मीच गादी उचलून बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो. डबा तसाच परत जायचा. 'नाही'च्या जागी भराभर 'हो' आलं.

दोष एकट्या विद्यार्थ्याचा नव्हता. अ‍ॅपमध्ये पर्यायच दोन होते आणि एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. फॉर्म बनवणाऱ्याने घाई केली, भरणाऱ्याने घाई केली, आणि एका माणसाचा सगळा त्रास कागदावरून पुसला गेला. हे फक्त एका केसपुरतं राहत नाही. जो इन्फॉर्मंट लांब राहतो, त्याच्याकडून 'माहीत नाही' जास्त येणार. ते सगळं 'नाही'त ढकललं, की घरापासून दूर नोकरीला गेलेले, एकटे राहणारे, अविवाहित तरुण कागदावर ठणठणीत दिसतात. मग कुणीतरी थीसिसच्या चर्चेत लिहितं, की 'तरुण अविवाहित पुरुषांत मानसिक आजाराचं प्रमाण कमी आढळलं'. ते प्रमाण तरुणांचं नसतं, वडील किती लांब राहतात याचं असतं.

माझी सवय सांगते. माझ्या फॉर्मला चार चौकटी असतात: हो, नाही, माहीत नाही, विचारलं नाही. चौथी चौकट लाजायची नाही. कधी बाई रडायला लागते आणि प्रश्न सोडून द्यावा लागतो, ते तसंच लिहायचं. आणि प्रत्येक महत्त्वाच्या उत्तरासमोर समासात एक अक्षर. 'पा' म्हणजे स्वतः पाहिलं, 'ऐ' म्हणजे दुसऱ्याकडून ऐकलं, 'अं' म्हणजे अंदाज. त्यासाठी एकच प्रश्न पुरतो: "हे तुम्हाला कसं कळलं?" 'लई प्यायचा' असं सासऱ्याने सांगितलं आणि कसं कळलं विचारल्यावर 'गावात म्हणत होते' असं आलं, तर ते 'ऐ'. बायकोने 'रात्री दोन वाजता उठून ओट्यावर बसायचा' म्हटलं, ते 'पा'. विश्लेषणाच्या वेळी आधी फक्त 'पा' घेऊन बघते, मग सगळे घेऊन. दोन्हींत निष्कर्ष बदलत असेल तर तो बदलच लिहून ठेवते. एखाद्या भागात तिसरा हिस्सा 'माहीत नाही' आला तर दुसरा माणूस शोधते. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण सतरा वर्षांत याने मला खूपदा वाचवलं आहे.

आणि गप्प बसायला शिका. प्रश्न विचारल्यावर समोरचा दहा सेकंद बोलला नाही तर तुमच्या तोंडून पुढचं वाक्य यायला नको. "म्हणजे त्रास नव्हता?" हे वाक्य त्या विद्यार्थ्याने दुष्टपणाने म्हटलं नव्हतं. शांतता सहन झाली नाही, म्हणून म्हटलं. पण तिथे उत्तर वडिलांनी दिलंच नाही, विद्यार्थ्यानेच दिलं.

घरात ठरलेली हकीकत जशीच्या तशी उचलणं

ही चूक मी स्वतः केली आहे.

महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणी वारसांना सरकारकडून 1 लाख रुपयांची मदत मिळते. 2006 च्या शासन निर्णयापासून त्यातले 30,000 रोख आणि 70,000 ठेव म्हणून. त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरवते. जमीन, थकलेलं कर्ज, वसुलीचा तगादा हे सगळं कागदाने दाखवावं लागतं. विदर्भात, मराठवाड्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने आपली पहिली मुलाखत घ्यायच्या आधी ही प्रक्रिया समजून घ्यायला हवी. समजून न घेता गेलेला संशोधक ज्या घरात शिरतो त्या घराला तो आणखी एक चौकशीवालाच वाटतो.

मी गेले होते पोलीस पाटलांच्या मोटरसायकलवर बसून. तेव्हा मला ते सोयीचं वाटलं. घर पटकन सापडलं, सतरंजी अंथरली गेली, चहा आला. ओसरीवर सासू, सासरे, दीर. वेगवेगळं विचारायचं म्हणून मी एकेकाला बाजूला घेतलं. तिघांनी सांगितलं ते सारखं: सोसायटीचं कर्ज, दोन वर्षांची नापिकी, नोटीस, 'नोटीस आली अन् तो खचला'. हे शेवटचं वाक्य तिघांच्याही तोंडी शब्दाला शब्द तेच. बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आत जाऊन तिलाही विचारलं. तीही म्हणाली, नोटीस आली अन् ते खचले. मी फॉर्मवर लिहिलं, 'चारही माहिती देणाऱ्यांत पूर्ण एकमत', आणि खूश होऊन परत आले.

संमतीपत्राच्या एका पानावर तिचा अंगठा राहिला होता. त्यासाठी आठवड्याने परत गेले, या वेळी एसटीने, एकटी. ती कापूस वेचत होती. अंगठा दिला आणि मग तिनेच विचारलं, "ताई, तुमचा कागद तहसीलात जातो का?" मी म्हटलं, नाही, कुठेच जात नाही. तिने ओट्यातला कापूस गाठोड्यात टाकला आणि म्हणाली, संध्याकाळी घरी या. संध्याकाळी पेटीच्या तळातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात चौकोनी घडी घातलेल्या तीन चिठ्ठ्या, तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांच्या. घडीवर हळदीचा डाग. पाच महिन्यांत तीन वेळा दाखवलेलं, तिन्हींवर नैराश्यावरचं औषध, शेवटच्या चिठ्ठीवर डोस वाढवलेला. "दीर म्हणाले, हा कागद बाहेर काढला तर केस अपात्र होईल."

त्या घरातल्या कुणीही मला एक शब्द खोटा सांगितला नव्हता. कर्ज खरं होतं, नोटीस खरी होती, नापिकी खरी होती. पाच महिन्यांचं आजारपण तेवढं वगळलं होतं, आणि वगळायला त्यांच्याकडे पुरेपूर कारण होतं. पदरात दोन लेकरं असलेल्या बाईला ती मदत काय असते ते ज्याने पाहिलं आहे तो त्यांना नावं ठेवणार नाही. मीही ठेवत नाही. चूक माझी होती. चौघांचं एकमत मी पुरावा समजले. घरात बैठक झाली, की एकमत होतंच.

तेव्हापासून माझे नियम असे. पोलीस पाटील, तलाठी, सरपंच यांच्यासोबत जायचं नाही. आशाताईंना घर दाखवायला सांगायचं, पण मुलाखतीच्या वेळी त्यांनाही बसवायचं नाही. त्याच गावच्या असतात, त्यांच्यापुढे बाई बोलेलच असं नाही. मदतीचा निकाल लागायचा असेल तर शक्य तेवढं थांबायचं, आणि फॉर्मच्या पहिल्या पानावर 'प्रलंबित, पात्र की अपात्र' हे लिहायचंच. दारातच दोन गोष्टी सांगायच्या: माझा कागद तहसीलला जात नाही, आणि माझ्यामुळे मदत मिळणारही नाही. दुसरी गोष्ट सांगायला मुलं कचरतात, कारण मग लोक बोलणार नाहीत अशी भीती वाटते. मदतीच्या आशेवर बोलणाऱ्या माणसाचं बोलणं घेऊन तुम्ही करणार काय?

आणि तोंडी हकीकत झाली की विचारायचं, "दवाखान्याचे काही कागद आहेत का?" दाखवले तर बघायचे, लिहून घ्यायचे, परत करायचे. विचारल्याशिवाय मोबाईलने फोटो काढायचा नाही. त्या तीन चिठ्ठ्यांबद्दल मी आजवर कुठल्याही कार्यालयात एक शब्द बोललेले नाही, आणि इथेही घराची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मदतीचं जे, तेच पोलीस केसचं. विवाहित मुलीची केस असेल तर सासर आणि माहेर दोन वेगळी माणसं तुमच्यापुढे उभी करतात. लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर दंडाधिकाऱ्यांची चौकशी होते, 498-अ, म्हणजे सासरच्या छळाचं कलम, लागलेलं असू शकतं (आता भारतीय न्याय संहितेत कलम 85). सासरचे म्हणतात, पहिल्यापासून चिडकी होती. माहेरचे म्हणतात, आमची मुलगी हसतमुख होती, काहीच नव्हतं. दोन्हींची सरासरी काढून चालत नाही. दोन्ही हकीकती स्वतंत्र कागदावर ठेवा, कोण कुठून बोलतंय ते लिहा, आणि तिसरं कुणी शोधा: शेजारीण, शाळेतली मैत्रीण, बचत गटातली बाई. माझ्या अनुभवात शेजारणीचं 'पा' दोन्ही घरांच्या मिळून 'अं'पेक्षा वजनदार निघतं.

बाकीच्या चुका, थोडक्यात

एकाच माणसावर केस बंद करू नका. किमान दोन, त्यातला एक घराबाहेरचा. सगळ्यांना एकत्र बसवून विचारू नका, घरातला सगळ्यांत मोठा माणूस बोलतो आणि बाकीचे मान हलवतात. दहाव्या-तेराव्याला जाऊ नका. वर्षश्राद्धाच्या आठवड्यातही नको. बहुतेक अभ्यास मृत्यूनंतर तीन महिने ते वर्षभर या काळात मुलाखत घेतात, तेवढं ठीक आहे. मुलांसमोर विचारू नका. फोनवर पहिली मुलाखत घेऊ नका. गुगल फॉर्म पाठवून सायकॉलॉजिकल ऑटोप्सी केली असं सांगणारा एक जण मला भेटला आहे. आपल्या माणसाच्या मृत्यूबद्दल कुणाला लिंक पाठवणं मला माणुसकीला धरून वाटत नाही, मग पुढच्या शास्त्राचं काय बोलायचं. एका दिवसात तीन मुलाखती घेऊ नका. तिसऱ्या घरात तुमचे कान थकलेले असतात आणि पहिल्या घरातली वाक्यं तिसऱ्याच्या कागदावर उतरतात; मी ते माझ्याच जुन्या फॉर्मांत पाहिलं आहे. 'यशस्वी आत्महत्या' हे शब्द फॉर्ममधून आणि तोंडातून काढून टाका.

तारखा

हे जरा नीट सांगायला हवं. 'आजार कधी सुरू झाला' याला लोक महिन्याचं नाव देत नाहीत, सण नाहीतर हंगाम देतात. पोळ्याच्या आधी, सोयाबीन काढलं तेव्हा, पोरीचं बारसं झालं त्या सुमारास. हे फार चांगलं आहे, इंग्रजी महिन्यापेक्षा पक्कं. घोटाळा होतो तो टेबलावर बसून त्याची तारीख करताना. 2023 मध्ये अधिक श्रावण आला होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. त्यामुळे पोळा 14 सप्टेंबरला गेला. आदल्या वर्षी तो ऑगस्टच्या शेवटी होता. एका मुलीने 'पोळ्याच्या पंधरा दिवस आधी'ची सरसकट ऑगस्टच्या मध्यावरची तारीख केली आणि लक्षणांचा काळ दोन-अडीच आठवड्यांनी लांबला. नैराश्याचं निदान किमान दोन आठवड्यांच्या लक्षणांवर ठरतं, तिथे हा फरक लहान नाही. मी त्या वर्षाचं पंचांग झेरॉक्स करून फाईलला लावते आणि इन्फॉर्मंटसमोरच घडामोडींची पट्टी काढते: पेरणी, पोळा, दसरा, लग्न, दवाखाना. पट्टीवर बोट ठेवून माणसं स्वतःच दुरुस्त करतात, "नाही ताई, हे आधी झालं."

शब्द

'त्याला डिप्रेशन होतं का?' असा प्रश्न विचारू नका. हा शब्द आता मोबाईलमुळे घरोघरी पोचला आहे. मृत्यूनंतर पाहुण्यांनी, पोरांनी तो घरात आणलेला असतो, आणि मग बाई मागचं सगळं त्या शब्दाच्या उजेडात आठवायला लागते. आपलं माणूस का गेलं याचं उत्तर घर शोधतच असतं. तुम्ही एक शब्द पुढे केलात की तो धरला जातो. त्यांचे शब्द ऐका: 'मन लागत नव्हतं', 'एकटाच गप्प बसायचा', 'डोक्यात विचार चालायचे', 'टेन्शन'. 'टेन्शन'वर तर कधीच थांबू नका. टेन्शन म्हणजे काय करायचा, असं विचारा. कुणी जेवण सोडतं, कुणी शिव्या देतं, कुणी सारखं शेतात जाऊन बसतं.

सांगणारे, विचारणारे आणि मोजण्याची रीत यांनी किती फरक पडू शकतो ते आपल्या देशातल्याच दोन अभ्यासांत दिसतं. लक्ष्मी विजयकुमार आणि राजकुमार यांनी चेन्नईत 100 आत्महत्या अभ्यासल्या, तो अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. मानसिक आजाराचं निदान 88 टक्क्यांत झालं. त्याच राज्यात वेल्लोरजवळच्या कणियंबाडी भागातल्या 100 आत्महत्यांचा मनोरंजितम आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2010 मध्ये आला. तिथे 37 टक्के. दोन्ही काळजीने केलेले, दोन्हींत तुलनेसाठी कंट्रोल, म्हणजे आत्महत्या न केलेली माणसं, घेतलेले. एक शहर, एक गावं, हा फरक आहेच. पण गावातल्या घराने ज्याला आजार म्हटलंच नाही ते फॉर्मवर कुठून येणार, आणि शहरात कुठल्या दुःखाला आजार म्हटलं गेलं, हे प्रश्न हे दोन आकडे शेजारी ठेवणाऱ्या प्रत्येकाला पडले पाहिजेत. परवा एका सेमिनारमध्ये एकाने पहिला आकडा घेतला आणि दुसरा गाळला. दोन्ही घ्या.

कंट्रोलला थेट विचारणं

गेलेल्या माणसाबद्दल बायकोला विचारलं आणि जिवंत कंट्रोलला त्याचं त्यालाच विचारलं, तर तुलना बिघडली. स्वतःच्या मनातलं माणूस स्वतः जास्त सांगतो, दारूचं कमी सांगतो. एका बाजूला बायको तर दुसऱ्या बाजूलाही बायकोच हवी, आई तर आई. मायकेल फिलिप्स यांच्या गटाने चीनमध्ये 23 ठिकाणी केलेला अभ्यास 2002 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांनी 519 आत्महत्यांसमोर 536 असे मृत्यू ठेवले, जे इतर दुखापतींनी, अपघातांनी झाले होते. दोन्हीकडे माणूस गेलेला, दोन्हीकडे दुःखातली घरं, आणि दोन्हीकडे घरच्यांना आणि ओळखीच्यांना विचारलेलं. एमडीच्या विद्यार्थ्याला एवढं जमणार नाही, मला माहीत आहे. पण जिवंत कंट्रोलच्या बायकोला विचारणं जमतं. 'ती वेळ देत नाही' हे कारण मी ऐकून घेत नाही. पुन्हा जा.

इथेच एक गल्लत. व्हर्बल ऑटोप्सी आणि सायकॉलॉजिकल ऑटोप्सी एक नव्हेत. पहिलीत मृत्यूचं कारण शोधतात. मिलियन डेथ स्टडी या देशभरातल्या मृत्यूंच्या कारणांच्या अभ्यासात घरोघरच्या अशा मुलाखतींवरून 2010 साठी सुमारे 1,87,000 आत्महत्यांचा अंदाज निघाला. पोलिसांकडच्या नोंदींवरून एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) त्याच वर्षाचा आकडा 1,34,599 होता. पोलिसांना न सांगितलेलं घर सर्वेक्षण करणाऱ्याला सांगतं, एवढं त्यातून नक्की घ्या. पण व्हर्बल ऑटोप्सीच्या फॉर्मवरून त्या माणसाच्या मनाची अवस्था काढायला जाऊ नका, त्यासाठी तो बनलेला नाही.

टक्केवारी सांगून विश्वासार्हता सिद्ध करणं

'दोन इन्फॉर्मंटमध्ये 92 टक्के जुळणी' असं वाक्य दर तिसऱ्या थीसिसमध्ये असतं. कागदावर करून बघा. समजा 100 केसेस, प्रश्न 'आधी कधी प्रयत्न केला होता का'. 90 ठिकाणी दोघंही नाही म्हणाले, 2 ठिकाणी दोघंही हो, उरलेल्या 8 ठिकाणी एक हो आणि दुसरा नाही, चार-चार. जुळणी 92 टक्के. पण दोघांनीही बहुतेक वेळा 'नाही'च म्हटलं आहे, त्यामुळे नुसत्या योगायोगानेही जवळपास 89 टक्के जुळलं असतं. कॅप्पा, म्हणजे योगायोगाची जुळणी वगळून उरलेली जुळणी मोजणारा आकडा, काढला तर 0.29 येतो. आणि जिथे कुणीतरी 'हो' म्हणालं त्या 10 केसेसपैकी 8 मध्ये दोघांचं पटलेलं नाही. सगळं महत्त्वाचं त्या आठांत आहे. टक्केवारी लिहायला हरकत नाही, पण कॅप्पाही लिहा, आणि 'हो'च्या बाजूची जुळणी वेगळी दाखवा. त्या आठ घरांत परत जाता येत असेल तर जा.

कॅप्पा चांगला आला तरी ती केवळ जुळणी असते, हे ओसरीवरच्या त्या चौघांनी मला दाखवलं. हयातीत डॉक्टरांनी केलेलं निदान आणि मृत्यूनंतर नातेवाइकांकडून काढलेलं निदान यांचा मेळ तपासणारं काम झालं आहे. केली आणि मान यांनी 1996 मध्ये तो चांगला असल्याचं दाखवलं. उलट नॉर्वेच्या हेइडी येल्मेलँड आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये हरकत घेतली, की बरीच लक्षणं दुसऱ्याच्या मनातली असतात, ती तिसरा माणूस सांगूच कशी शकेल. मला दोन्ही पटतं. झोप, जेवण, अंघोळ, काम हे बायको पाहते. अपराधीपणाची भावना ती पाहू शकत नाही, फक्त त्याच्या तोंडून ऐकू शकते, तो बोलला असेल तर. म्हणून अशा प्रश्नांना मी 'तो काय म्हणाला होता, त्याच्याच शब्दांत सांगा' असं विचारते, आणि तो काही म्हणालाच नसेल तर 'माहीत नाही'ची चौकट.

मुलाखत संपली की उठून येणं

हे शेवटी येतंय, पण मी विद्यार्थ्यांशी पहिल्या दिवशी हेच बोलते. समोरचा माणूस स्वतः दुःखात आहे, कधी स्वतः धोक्यात आहे. मुलाखत संपताना 'आता तुम्हाला कसं वाटतंय, रात्री झोप लागते का, स्वतःबद्दल तसे विचार येतात का' हे विचारायचंच, आणि उत्तर 'हो' आलं तर काय करायचं ते घरातून निघायच्या आधी ठरलेलं हवं: कुणाला फोन, कुठला दवाखाना, सोबत कोण जाणार. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून ठेवून येते. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जे हे वाचत आहेत आणि ज्यांच्या स्वतःच्या घरात असं काही घडलं आहे, त्यांच्यासाठीही तो नंबर आहे.

आणि पंधरा दिवसांनी परत जायचं. फॉर्म न घेता. नवे विद्यार्थी विचारतात, मग जायचं कशाला, एसटीचं भाडं तर प्रोजेक्टमध्ये धरलेलं नाही. ते धरून घ्या, बजेटच्या पहिल्या मसुद्यातच. त्या भेटीत बाई चहा ठेवते, लेकरांचं दप्तर दाखवते, आणि बहुतेक वेळा चूल सारखी करता करता काहीतरी सांगते, जे पहिल्या वेळी सांगितलं नव्हतं. तेव्हा वही काढायची नाही. ऐकून घ्यायचं, आणि निघताना विचारायचं, "मघाशी सांगितलंत, ते लिहिलं तर चालेल का?" ती नको म्हणाली तर ते लिहायचं नाही.